कयाक : पहिली दोन मिनिटे आणि शेवटची दोन मिनिटे

कतीफच्या मासळीबाजारात सकाळी गेले की हामूर, साफी, कनद यांचे ढीग पाहून कोकणी माणसाचे मन जागेवर राहत नाही. हामूर म्हणजे आपल्याकडच्या हेकरूच्या जातीतला आणि कनद म्हणजे आपली सुरमई. मग कोणाच्या तरी मनात येतेच की, विकत कशाला, आपणच पकडू या! आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत हल्ली मासेमारीची कयाक आली आहे. मासे कसे पकडावेत हे मी सांगणार नाही (ते मला विशेष येतही नाही). कयाकमध्ये बसावे कसे आणि उतरावे कसे, एवढाच आजचा विषय. कारण शांत हवेत माणूस पडतो तो बहुधा खोल समुद्रात नव्हे, तर किनाऱ्याला, गुडघाभर पाण्यात. तिथे पोहता येण्याचा उपयोग नसतो. मनगट, गुडघा आणि कंबर मात्र दुखावते.

यामागचे गणित सोपे आहे. मासेमारीची कयाक साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद असते. आपण तिच्यात बसलो की शरीराचे वजन पाण्याजवळ येते आणि ती स्थिर राहते. उभे राहिलो की तोच भार मीटरभर वर जातो आणि थोडासा तोलही पुरेसा होतो. आपल्या कोकणातल्या अरुंद होड्यांना बाजूला उलांडी बांधतात ती याचसाठी. कयाकला उलांडी नसते, म्हणून तोल आपणच सांभाळायचा. मोटारीत बसल्यासारखा एक पाय आत आणि एक बाहेर असा प्रयोग करू नये. कयाक सरकते आणि पाय फाकतात.

योग्य रीत अशी. कयाक गुडघाभर पाण्यात पूर्ण तरंगू द्यावी. अर्धी वाळूवर आणि अर्धी पाण्यात असेल तर ती सर्वांत जास्त डगमगते. उगाच पाय भिजू नयेत म्हणून बरेच जण नेमके हेच करतात. मग बैठकीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून, घोड्यावर मांड टाकावी तसे उभे राहावे. दोन्ही हातांनी कडा धरून आधी सरळ खाली बसावे आणि मग एकेक पाय आत घ्यावा. उतरताना हाच क्रम उलटा. आधी वल्ह्याने तळ चाचपावा, दोन्ही पाय बाहेर सोडून जमिनीला टेकवावेत, पुढे वाकावे आणि मग उठावे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी दोन्ही पाय एकाच बाजूला सोडावेत आणि कडेवर क्षणभर बसून उठावे. दोन-तीन तास एका जागी बसून पायाला मुंग्या आलेल्या असतात, तेव्हा उठण्याआधी दोन मिनिटे घोटे फिरवावेत. हे दोन मिनिटांचे काम कोणी करत नाही!

गळ लावलेल्या काठ्या चढता-उतरताना उभ्या ठेवू नयेत. गळ काढून काठ्या आडव्या बांधाव्यात. नांगराची दोरी पायाशी सैल नसावी. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालावे, पाण्यात गेल्यावर नाही.

आता इथल्या पाण्याविषयी. तारूत बेटाभोवतीची खाडी उथळ आहे, कडेला तिवरांची झाडी आणि चिखल. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब इथे चालत नाही. रास तनुरा बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. इथे पाणी मुंबईच्या मानाने फारच कमी चढते-उतरते, पण तळाला उतार जवळजवळ नसल्याने थोडे पाणी उतरले तरी किनारा शेकडो मीटर मागे जातो. सकाळी भरतीला निघालेला माणूस दुपारी सुकतीला परतला की समोर चिखल, आणि त्यात ३०-४० किलोची कयाक ओढायची. चिखलात उभे राहिले की पाय रुततो आणि गुडघा पिरगळतो. म्हणून परतायची वेळ पाण्यावरून ठरवावी, भुकेवरून नाही. हद्रा नावाच्या, खुंट रोवून केलेल्या माशांच्या सापळ्यांपासूनही दूर राहावे. भरतीत त्यांचे खुंट दिसत नाहीत.

उथळ वाळूत पाकट मासाही लपलेला असतो. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी पाकटांनी अनेकांना दंश केले होते, ते आठवत असेल. पाय उचलून टाकू नये, वाळूवरून घासत न्यावा, म्हणजे पाकट आधीच पळतो. तळ जाड असलेले बूट घालावेत. दंश झालाच तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास बुडवून ठेवला की वेदना उतरते. डॉक्टरांकडे मात्र जायचेच, काटा आत राहिलेला असू शकतो.

शमाल वारा सुटला की किनाऱ्यावर लाटा येतात. अशा दिवशी निघूच नये हे उत्तम. परतताना गाठलेच, तर कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. पाण्याने भरलेल्या कयाकचे वजन सहज शंभर किलोच्या वर जाते, आणि लाट ती थेट गुडघ्यावर आणते. खोल पाण्यात उलटलात तर कयाक सुलटी करावी, आडवे होऊन पाय मारत पोटावर वर यावे, मग कुशीवर वळून बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. हे आधी उथळ पाण्यात चार वेळा करून पाहावे.

या पानावर पैशांविषयी लिहायलाच हवे. आपण बहुतेक जण घरातले एकटे मिळवते असतो आणि कुटुंबाचा इकामा आपल्या नोकरीला बांधलेला असतो. गोसीमध्ये परदेशी कर्मचाऱ्यासाठी मालक भरतो तो हिस्सा कामावरच्या अपघातासाठी असतो. शुक्रवारच्या मासेमारीसाठी नाही. प्रवासी भारतीय बीमा योजनेचे दहा लाखांचे संरक्षण इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टधारकांसाठी आहे. पदवीधर अभियंता सहसा त्यात बसत नाही. कंपनीच्या आरोग्य विम्यात आणि भारतात घेतलेल्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळले आहेत का, हे कागदपत्र काढून वाचावे. त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी अगदी बारीक टाइपात असते. शंका असेल तर कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

समुद्रात जाण्यासाठी सीमा सुरक्षा दलाचे, म्हणजे हरस अल-हुदूदचे नियम लागू आहेत. परवानगी कोठून आणि कोणत्या वेळी मिळते ते आधी विचारून घ्यावे. पूर्व प्रांतात मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून अंगावर बांधावा, कयाकला नाही; आणि परतायची वेळ घरी चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवावी.