लांबची सायकल अन् घरातली लेकरं

आम्ही नांदेडच्या एका वस्तीत राहणारं जोडपं. लेक सात वर्षांची, मुलगा तीन. आमच्यातल्या एकाला लांबवर सायकल मारायचा नाद, दुसरीला वाट पाहायची सवय. दोघांनी मिळून लिहितोय, म्हणून 'आम्ही'.

आमच्या बाबांच्या पिढीला सायकल हौसेची नव्हती. गिरणीची पाळी, बाजार, दवाखाना, सगळं तिच्यावरच. त्यामुळे "कामाशिवाय कशाला पायडल मारायचं?" हा घरातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न आम्हाला चुकीचा वाटत नाही. प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटं अंग हलवणारा व्यायाम पुरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज वीस-पंचवीस मिनिटं कामावर सायकलनं गेलं तरी ते होतं. तब्येतीसाठी लातूर गाठायची गरज नाही. ती हौस आहे, आणि हौस म्हणूनच घरात बोलली पाहिजे.

आम्ही ती बोललो नव्हतो. एका मे महिन्यात सायकलवाले पहाटे निघाले, लोहा ओलांडून माळेगावपर्यंत गेले. फोनची बॅटरी संपलेली. इकडे धाकट्याला १०२ ताप. थोरलीला शेजारच्या काकूंकडं ठेवून आई त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात. दुपारी दोनला सायकलवाले उन्हानं काळवंडून, पण खुशीत घरी आले. रात्री एवढंच ऐकायला मिळालं, "अहो, शंभर किलोमीटर तुम्ही गेलात, ओझं मी वाहिलं."

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघांच्या संघात एक चालवतो तेव्हा दुसरा विसावा घेतो. आम्ही घरात तेच धरलं. एक रविवार याचा, एक तिचा. पाचला निघायचं, नऊला परत. ज्याची पाळी नाही तो लेकरं, पाणी, स्वयंपाक बघतो. आईनं शाळेनंतर सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी ती चौकापर्यंत गेली अन् हसत परत आली. वस्तीत चार जण बोलले. बोलू दिलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत लातूर ठरलं, कारण आईचं माहेर तिथं. अंतर सुमारे १४० किलोमीटर. नांदेड गोदाकाठी सखल, लातूर बालाघाटच्या पठारावर, म्हणजे जाताना चढ. पावसाळ्यात वारंही समोरून येतं, म्हणून तेव्हा नको. एप्रिल-मेचं ऊन तर नकोच. एका दिवसात जमवायचा हट्ट सोडून मध्ये अहमदपूरला मुक्काम केला. आई अन् लेकरं एसटीनं आजीकडं. पिशवीत पंक्चरचं सामान, गुळ-शेंगदाणे, अन् जुलाबात लेकरांना देतो तेच पाणी: लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दर थांब्यावर घरी फोन. हा नियम आता मोडत नाही.

दुसऱ्या सकाळी आजीकडं लेकरं सोपवून आई औशाला जाऊन आली. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर.

लेकरांना सायकलवर बसवताना मात्र घाई नको. वर्षाच्या आतलं मूल बसवूच नका, त्याची मान तेवढी धरत नाही. मागच्या कॅरिअरवर नुसतं बसवलं की पाय चाकाच्या तारांत जातो, टाच सोलून निघते; आमच्या गल्लीतच असं दोनदा झालं. चाकाला जाळी अन् पाय ठेवायला पट्टी लावून घ्या, सायकलवाला दुकानदार लगेच करून देतो. डोक्याला लहान मापाचं हेल्मेट.

परतल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू एकटीच गेली होतीस?" आता तिला स्वतःची सायकल पाहिजे. पैसे साठवायचा डबा तिनंच फळीवर ठेवलाय.