पाठीशी बांधलेल्या माणसाचे प्रमाणपत्र कोण तपासतो?

विमानातून उडी मारताना पॅराशूट वापरल्याने माणूस वाचतो, याला शास्त्रीय पुरावा काय? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या डिसेंबर २००३ च्या नाताळ अंकात दोन संशोधकांनी हा प्रश्न अगदी गंभीर चेहऱ्याने विचारला होता. काहींना पॅराशूट देऊन आणि काहींना न देऊन केलेली एकही चाचणी सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाचणीशिवाय काहीच मानायचे नाही, असा हट्ट धरणाऱ्यांची ती थट्टा होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी थट्टा पुढे नेली आणि खरोखरच चाचणी केली. २३ जणांनी विमानातून उड्या मारल्या. काहींच्या पाठीवर पॅराशूट होते, काहींच्या पाठीवर रिकामी सॅक. दोन्ही गटांत कोणालाही काही झाले नाही, कारण विमान जमिनीवर उभे होते आणि उडी होती जेमतेम दोन फुटांची.

पॅराशूटबद्दल शंका घेणे हा विनोदच. पण पॅराशूट ज्याच्या हातात आहे त्या माणसाबद्दल शंका घ्यायला पुष्कळ जागा आहे, आणि ती जागा किती मोठी असू शकते हे कॅलिफोर्नियातील लोडाय या गावी ऑगस्ट २०१६ मध्ये दिसले. अठरा वर्षांचा एक मुलगा आयुष्यातली पहिली उडी मारायला तिथे गेला होता. त्याला पंचवीस वर्षांच्या प्रशिक्षकाशी बांधले होते. पॅराशूट नीट उघडले नाही आणि दोघेही गेले. नंतरच्या चौकशीत निघाले ते असे, की हा प्रशिक्षक अशी उडी मारण्यासाठी रीतसर पात्रच नव्हता.

या प्रकाराला ‘टँडम’ म्हणतात. दुबईत, थायलंडमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये फिरायला जाणारी आपल्याकडची मंडळी जी उडी मारून व्हिडिओ पाठवतात ती हीच. नवखा माणूस पुढे, प्रशिक्षक त्याच्या पाठीमागे, दोघांचे पट्टे चार ठिकाणी अडकवलेले आणि पॅराशूट एकच, मागच्याच्या पाठीवर. नवख्याने करायचे एवढेच की सांगितल्यावर पाय वर घ्यायचे. बाकी सगळे मागच्या माणसाच्या हातात.

‘बाकी सगळे’ म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यायला हवे. साधारण १३ हजार फुटांवरून उडी मारली की एकटा माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. दोघे एकत्र बांधले की वजन दुप्पट होते, पण हवेला अडवणारे क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही. वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगात मुख्य पॅराशूट उघडले तर कापडालाही धोका आणि मणक्यांनाही. म्हणून विमानाबाहेर पडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक एक लहानशी छत्री मागे सोडतो. तिला ‘ड्रोग’ म्हणतात. ती वेग एकट्या माणसाइतका खाली आणते आणि पुढे मुख्य पॅराशूट बाहेर ओढण्याचे कामही तीच करते.

आता ड्रोग सोडण्याआधी दोघे हवेत गटांगळ्या खाऊ लागले तर? ड्रोगची दोरी कोणाच्या पायात अडकली तर? घाबरलेल्या नवख्याने प्रशिक्षकाचा हातच घट्ट धरला तर? मुख्य पॅराशूट अर्धेच उघडून गोल गोल फिरू लागले तर ते तोडून राखीव उघडायचे, पण ड्रोगच फुगला नसेल तर पायऱ्या वेगळ्या. प्रत्येक अडचणीला वेगळा हँडल, वेगळा क्रम. मुख्य पॅराशूट साधारण ५ हजार फुटांवर उघडतात. ते उघडले नाही तर तिथून जमीन अर्ध्या मिनिटाहूनही कमी अंतरावर असते.

अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की असा क्षण आला की माणूस विचार करत नाही, सराव आठवतो. भीतीने नाडी धावते, नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, कानावर पडलेले शब्द डोक्यात शिरत नाहीत. अगदी हुशार माणूसही चुकीचाच हँडल पुन्हा पुन्हा ओढत राहतो. त्यावर उपाय एकच, तीच कृती जमिनीवर शेकडो वेळा आणि हवेत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करून घेणे. चांगल्या टँडम प्रशिक्षणात परीक्षक स्वतःला पुढच्या नवख्याच्या जागी बांधून घेतो आणि मुद्दाम हातपाय झाडतो, अंग वाकडे करतो, उमेदवाराला अडचणीत टाकतो. हे एक प्रकारे स्वतःचा जीव विद्यार्थ्याच्या हाती देणेच आहे. म्हणून परीक्षकाची सही हलकी नसते. निदान नसावी.

अमेरिकेचा नियम कागदावर चांगला कडक आहे. टँडम उडीची जबाबदारी घेणाऱ्याला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, किमान ५०० उड्या झालेल्या हव्यात, सर्वांत वरच्या श्रेणीचा परवाना हवा आणि टँडमचा वेगळा अभ्यासक्रम पुरा करून पॅराशूटच्या उत्पादकाचे किंवा अभ्यासक्रम चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. राखीव पॅराशूट परवानाधारक ‘रिगर’नेच घडी करायचे आणि दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा बांधायचे. त्यात ठराविक उंचीखाली वेग कमी झालेला नसेल तर आपोआप राखीव पॅराशूट उघडणारे यंत्रही असलेच पाहिजे.

एवढे असून फट कुठे राहिली? तिथली विमान वाहतूक यंत्रणा, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, विमानावर, वैमानिकावर, रिगरवर आणि हवाई हद्दीवर लक्ष ठेवते. पण उडी शिकवणाऱ्याचा परवाना ती स्वतः देत नाही. ते काम यूएस पॅराशूट असोसिएशन ही खेळाडूंची संघटना आणि उत्पादक कंपन्या करतात. उडी केंद्राने या संघटनेचे सदस्य व्हावे अशी सक्ती नाही. लोडायचे केंद्र सदस्य नव्हते.

तिथे टँडम शिकवणाऱ्या परीक्षकाची मान्यता २०१५ मध्येच संघटनेने आणि उत्पादकाने निलंबित केली होती. तरीही त्याचे वर्ग चालूच राहिले. उमेदवारांकडून शुल्क घेतले जात होते आणि त्यांच्या कागदांवर दुसऱ्याच एका मान्यताप्राप्त परीक्षकाची सही उमटत होती. तो दुसरा परीक्षक त्या वेळी देशाबाहेर होता. सहीची नुसती प्रतिमा वापरली जात होती. शिकायला आलेल्या तरुणांना वाटत होते की आपण पैसे भरून खरे प्रमाणपत्र मिळवले. अपघातात गेलेला पंचवीस वर्षांचा प्रशिक्षकही त्यांतलाच एक. दोष कोणाचा हे मोजताना त्याच्याकडे आरोपी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. तोही फसवला गेला होता, आणि त्याची किंमत त्यानेही जिवानेच मोजली.

अपघातानंतर संघटनेने जुन्या नोंदी उकरून काढल्या तेव्हा सुमारे १४० प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्रांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. काहींची मान्यता थांबवली, बाकीच्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सांगितले. हे १४० जण तोवर लोकांना पाठीशी बांधून उड्या मारतच होते. २०२१ मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईवडिलांना ४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. परीक्षक २०२४ मध्ये दोषी ठरला, पण त्याच्यावरचा खटला मृत्यूबद्दल नव्हता. तो फसवणुकीबद्दल आणि दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल होता.

वैद्यकीय क्षेत्राने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. १९९० च्या सुमारास दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आली तेव्हा कितीतरी शल्यविशारद शनिवार-रविवारचा वर्ग करून सोमवारी ती करू लागले होते. पित्तनलिका कापली जाण्याच्या घटना वाढल्या. शेवटी १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याला सांगावे लागले, की ठराविक संख्येने शस्त्रक्रिया दुसऱ्याच्या देखरेखीखाली केल्याशिवाय एकट्याने करायची नाही. हातात कौशल्य असणे आणि हातात कागद असणे यांतले अंतर कोणीतरी तिसऱ्याने मोजावे लागते. शिकवणाराच परीक्षा घेणार, तोच शुल्क घेणार आणि तोच सही करणार, अशी सोय जिथे असते तिथे हे अंतर वाढत जाते. मग तो धंदा कोणताही असो.

पॅराशूट उडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. उडीतल्या मोठ्या दुर्घटनांपैकी काही उडी मारण्याआधीच घडलेल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ मध्ये एक विशेष अहवाल काढला. १९८० पासून उडीसाठी वापरलेल्या विमानांच्या ३२ अपघातांत १७२ जणांचा बळी गेल्याची नोंद त्यात आहे. विमानांची देखभाल, वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सरकारी देखरेख, तिन्हींत उणिवा असल्याचे त्यात लिहिले होते. पुढे जून २०१९ मध्ये हवाईमधल्या मोकुलेइया इथे असेच विमान उडताच कोसळून अकरा जण ठार झाले. त्या विमानाला तीन वर्षांपूर्वी एक अपघात झाला होता आणि त्यात पंखाला आलेला पीळ पूर्ण दुरुस्त झालेला नव्हता. मंडळाने पुन्हा तेच बोट ठेवले, देखरेख अपुरी. अकरा वर्षांत अहवाल कपाटातच राहिला, असे कोणी म्हटले तर त्याला फार चुकीचे म्हणता येणार नाही.

हे सगळे वाचून उडीचे नावच नको, असे वाटेल. आकडे मात्र वेगळी बाजू दाखवतात. अमेरिकेत सत्तरच्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे मरत. २०२४ मध्ये जवळपास ३९ लाख उड्यांत ९ मृत्यू झाले, म्हणजे लाखामागे पावही नाही. उड्यांची संख्या संघटनेनेच काढलेला अंदाज आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. छेद फुगला की दर आपोआप घटतो, हे साथरोगशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात. तरी मृत्यू घटले ते खरेच आहे. तीन कड्यांची पॅराशूट तोडण्याची युक्ती सत्तरच्या दशकात आली, १९९१ मध्ये जर्मनीत बनलेले भरवशाचे स्वयंचलित यंत्र आले, टँडममुळे नवख्याला पहिल्याच उडीत एकटे सोडणे कमी झाले.

गंमत अशी, की साधने सुधारली तशी मरणाची कारणे बदलली. आता अनेक अनुभवी खेळाडू पूर्ण उघडलेल्या, एकही बिघाड नसलेल्या पॅराशूटखाली मरतात. लहान आणि वेगवान पॅराशूट घेऊन जमिनीलगत झपकन वळण घ्यायचे आणि गवतावरून सरकत उतरायचे, ही हौस त्याला कारण. वळण वीस-तीस फूट खाली घेतले गेले तर सावरायला वेळच उरत नाही. यंत्र इथे मदतीला येत नाही. शिकवणारा लागतो, आणि ‘तुला अजून हे पॅराशूट पेलणार नाही’ असे तोंडावर सांगणाराही.

आपल्याकडे हा खेळ अजून तुरळक आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात स्कायडायव्हिंग, पॅराग्लायडिंग वगैरे खेळ एका छत्राखाली आणून सुरक्षिततेचे नियम करण्याची जबाबदारी त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेवर टाकली आहे. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाच्या नोंदणीचे धोरण आणले. पण धोरण आणि डोंगरमाथा यांच्यात बरीच वळणे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंगसाठी झेपावलेली पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट दोघेही दरीत पडून मृत्युमुखी पडले. तिथेही रचना टँडमचीच होती, एक पर्यटक आणि त्याच्या पाठीशी एक अनोळखी माणूस. गुन्हा नोंदवला गेला तो अपघातानंतर.

ज्यांना उडी मारायचीच आहे त्यांनी आधी शरीराकडे पाहावे. १३ हजार फुटांवर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. निरोगी माणसाला त्या थोड्या वेळात फरक पडत नाही; हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हा बेत सोडावा. सर्दीने कान चोंदलेले असतील तर उडी पुढे ढकलावी, एका मिनिटात आठ हजार फूट खाली येताना पडदा दुखावतो. आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग केले असेल तरी तेच. सगळ्यांत जास्त जखमा मात्र घोट्याच्या आणि कमरेच्या मणक्याच्या असतात, आणि त्या उतरताना होतात. पाय वर घ्यायला सांगितले जाते ते यासाठीच. मणक्याचे दुखणे, ठिसूळ हाडे किंवा नुकतेच मोडलेले हाड असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मग प्रशिक्षकाकडे पाहावे. त्याचे टँडमचे कार्ड कोणी दिले, त्याची मुदत कधीपर्यंत आहे, या वर्षात त्याने किती टँडम उड्या मारल्या, हे विचारायला लाजू नये. राखीव पॅराशूटच्या घडीची तारीख आणि रिगरची सही असलेले एक लहान कार्ड पॅराशूटच्याच एका खिशात असते. ते दाखवा म्हटले की चांगल्या केंद्रावर कोणी रागावत नाही, खिसा उघडून हातात देतात.