बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आणि आमच्या मुली

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मुली व त्यांचे पालक विचारपूस करण्यास येतात. नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती यांची चौकशी होते. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : "लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स केला तर नोकरी लागेल का?" उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून या स्मरणिकेत ते सविस्तर देत आहोत.

प्रथम एक गैरसमज. मुले सांभाळणे बाईला उपजतच येते, त्यासाठी कॉलेज कशाला, असे पुष्कळ पालक म्हणतात. ज्यांनी या कामाचा पाया घातला त्यांचे मत तसे नव्हते. ताराबाई मोडक पदवीधर होत्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाच्या कामाला गेल्या. 1926 साली तेथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षिका तयार केल्याशिवाय बालमंदिरे चालणार नाहीत हे त्यांनी ओळखले होते, म्हणून अध्यापन मंदिरही सोबतच चालवले. 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डी येथे ग्रामीण भागातील काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डीपासून त्यांच्यासोबत असलेल्या अनुताई वाघ यांना बालपणीच वैधव्य आले होते. शिकून, शिक्षिका होऊन त्या या कामात आल्या आणि 1992 साली निधन होईपर्यंत त्यातच राहिल्या.

गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द व ही कल्पना तेथली. महागडी माँटेसरी साधने परवडत नव्हती. मग शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले आली की आधी त्यांची नखे, केस, अंग स्वच्छ करायचे, मग गाणी व खेळ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आमच्या वस्तीतील अंगणवाडीकडे 'खिचडी मिळते ती जागा' म्हणून पाहणाऱ्यांना हा इतिहास माहीत असावा.

आता अभ्यासक्रमात शिकवतात काय? मूल कसे वाढते, कोणत्या वयात त्याची बोटे काय करू शकतात, आहार व लसीकरण, गोष्ट कशी सांगावी, मुलाचे निरीक्षण करून नोंद कशी ठेवावी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पान भरून 'अ' गिरवून घेतला की पालक खूश होतात. शिकलेली शिक्षिका मात्र आधी माती मळायला, कागद फाडायला, मणी ओवायला देते, कारण त्यातूनच लिहिण्याचा हात तयार होतो. हे पालकांना पटवून देणे हाही कामाचाच भाग आहे, आणि आमच्या अनुभवाने तोच सर्वांत अवघड.

पिंपळगावला याची गरज विशेष आहे. द्राक्षाचा हंगाम आला की आया पहाटेच विरळणीला, खुडणीला बाहेर पडतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबे बागेतच उतरतात. लहानग्याला साडीच्या झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर ठेवले जाते. ताईची शाळा बुडते ती वेगळीच.

कोणता कोर्स करावा, हा खरा मुद्दा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली शालेयपूर्व शिक्षणाची पदविका दोन वर्षांची असून बारावीला 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते. ज्यांना तीन-चार वर्षे देणे शक्य आहे त्यांनी पदवीच घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. गृहविज्ञान शाखेत मानवी विकास हा विषय घेता येतो. नाशिकला रोज जाणे-येणे जमत नसेल तर पिंपळगावातच काकासाहेब वाघ महाविद्यालय आहे. तेथे पदवी घेत पदविका बाहेरून करता येते.

येथे एक कटू अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या एका भगिनीने एका खाजगी केंद्रात सहा महिन्यांचा कोर्स केला. त्यासाठी आईने हातउसने पैसे घेतले होते. प्रमाणपत्र सोनेरी अक्षरांचे मिळाले, पण अर्ज भरताना ते कोठेच धरले गेले नाही. फी भरण्यापूर्वी मान्यता कोणाची, तिचा क्रमांक काय, हे लेखी मागावे. मान्यता नसलेल्या कोर्सला भारत सरकारची शिष्यवृत्तीही मिळत नाही. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगतो. शालेयपूर्व पदविकेवर जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षिका होता येत नाही; त्यासाठी डी.एल.एड. व शिक्षक पात्रता परीक्षा लागते. अंगणवाडी सेविका होण्यास बारावी पुरते, पण उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते आणि जागा रिकामी असावी लागते. मिळते ते वेतन नव्हे, मानधन, आणि कामात पोषण आहारापासून मोबाईलवरील नोंदींपर्यंत सारे येते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, ही मोठी गोष्ट झाली. मुख्यसेविकेच्या पदासाठी मात्र पदवी लागते. वर पदवीचा आग्रह धरला तो यासाठीच. खाजगी नर्सरीत सुरुवातीचा पगार बहुधा तुटपुंजा असतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला आणि सेविकांसाठीही प्रशिक्षण सांगितले. त्यामुळे शिकलेल्या शिक्षिकेची मागणी वाढेल असे आम्हांस वाटते. पण केवळ या आशेवर कर्ज काढू नये.

ज्या मुलीला हा मार्ग घ्यावासा वाटतो तिने प्रवेश अर्जापूर्वी आठ दिवस आपल्या वस्तीतील अंगणवाडीत, ताईंची परवानगी घेऊन, सकाळी जाऊन बसावे. वीस मुलांपैकी चार रडत असतील, एकाने चड्डी ओली केली असेल आणि एक दाराबाहेर पळाला असेल. त्यानंतरही नवव्या दिवशी जावेसे वाटले, तर आमच्याकडे यावे. अर्ज भरण्यास आम्ही मदत करू.