पंपाची सवय लागते काय?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात दम्याविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज इनहेलरचा, म्हणजे बोलीतल्या पंपाचा आहे: पंपाची सवय लागते, म्हणून आधी गोळ्या घ्याव्यात आणि पंप अगदी शेवटी. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. साल्ब्युटामॉलच्या गोळीतील २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध रक्तावाटे शरीरभर फिरून हातांना कंप आणि छातीत धडधड आणू शकते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध अवघे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्श्याइतके असते आणि ते थेट श्वासनलिकांत पोहोचते.

शिवाय पंप एकाच प्रकारचा नसतो. साल्ब्युटामॉलचा पंप आराम देणारा असून तो श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू चार ते सहा तास सैल करतो, मात्र आतल्या अस्तराची सूज तशीच राहते. ती ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा प्रतिबंधक पंप काही दिवसांत, काही आठवड्यांत उतरवतो. त्याने तत्काळ बरे वाटत नाही, म्हणून रुग्ण तो सोडतो, सूज परतते, धाप लागते आणि या परतीलाच सवय म्हटले जाते. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला, तर तिला व्यसन कोणी म्हणत नाही.

विपर्यास असा की, सवयीला भिणारे हेच लोक आराम देणारा पंप चिठ्ठीशिवाय विकत घेऊन दिवसातून अनेकदा ओढतात. दम्यावरील ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ मध्ये प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ अशा पंपावर ठेवू नये असे सांगितले. वर्षाला बारा किंवा अधिक पंप संपवणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळतो, असेही ती नोंदवते.

‘एमआयडीसीच्या हवेत औषध काय करणार?’ हा प्रश्न अर्धाच खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये डोंबिवलीला ७८.४१ गुणांसह अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले होते, हे खरे. परंतु धूर व वायू सुजलेल्या नलिकांना अधिक डिवचतात, त्यामुळे अशा हवेत प्रतिबंधक औषध सोडणे अधिकच धोक्याचे ठरते.

दम्यावरील स्टेरॉइड स्नायू फुगवणारे नव्हे. मॉन्टेलुकास्टची गोळी सूज आणणाऱ्या ल्युकोट्राइन या रसायनांना अडवते, पण बहुतेकांत ती स्टेरॉइडच्या पंपाइतकी प्रभावी नसते. मृग नक्षत्रावर हैदराबादेत मिळणाऱ्या माशाच्या औषधाने दमा बरा होतो, याला वैज्ञानिक पुरावा नाही. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी फवारा घेतल्यावर चूळ भरून थुंकावी आणि फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवणारी नळी, जोडावी.