रेंज फक्त शिखरावर

संगणकीय खेळ म्हटला की बंदुका, भरधाव मोटारी आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटा धावणारा काटा डोळ्यांपुढे येतो. हे चित्र सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. मोठ्या कंपन्यांच्या छायेबाहेर एकट्यादुकट्याने खेळ तयार करणाऱ्यांची एक पिढी गेल्या दीड-दोन दशकांत पुढे आली. 'इंडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळांपैकी काहींनी तर खेळातून शत्रू, हार आणि घाई या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या. 'अ शॉर्ट हाइक' हा त्यांपैकी एक बोलका नमुना होय. त्याची नायिका आहे क्लेअर नावाची एक छोटी पक्षीण.

कॅनडातील अॅडम रॉबिन्सन-यू या तरुणाने हा खेळ तयार केला. एका मोठ्या भूमिकाप्रधान खेळाचे काम रेंगाळले असताना त्यापासून विसावा म्हणून त्याने हे लहान काम हाती घेतले आणि अवघ्या काही महिन्यांत पूर्णही केले. एप्रिल २०१९ मध्ये तो प्रथम 'हंबल' या संकेतस्थळाच्या वर्गणीदारांना आणि जुलैमध्ये सर्वांना उपलब्ध झाला. पुढल्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'चे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. २००० साली वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी निवर्तलेल्या शेमस मॅकनॅली या कॅनेडियन खेळनिर्मात्याचे नाव या पारितोषिकाला आहे. दोन तासांत संपणाऱ्या खेळाला असा मान मिळावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. खेळ मात्र आश्चर्य वाटण्याजोगा साधा आहे.

क्लेअर शहरातून सुटीसाठी आंट मेकडे आली आहे. ही आंट मे 'हॉक पीक' नावाच्या डोंगराळ उद्यानात वनरक्षक आहे. ('आंट' म्हणजे मावशी की आत्या, हा मराठी मनाला हमखास पडणारा प्रश्न इंग्रजी शब्दात विरून जातो.) क्लेअरला एका महत्त्वाच्या फोनची प्रतीक्षा आहे आणि उद्यानात मोबाइलला रेंज नाही. रेंज मिळते ती फक्त शिखरावर. सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीवर मुक्काम केलेल्या कोणालाही, फोन उंच धरून कड्याच्या टोकापर्यंत जाणे नवे नाही. क्लेअरला तेच करायचे आहे, केवळ डोंगर थोडा मोठा आहे.

आता एक पेच. नायिका पक्षीण आहे, मग ती थेट उडून शिखरावर का जात नाही? खेळाची खरी कारागिरी या प्रश्नाच्या उत्तरात आहे. क्लेअरला उंचावरून तरंगत खाली येता येते. वर जाण्यासाठी मात्र सोनेरी पिसे लागतात. प्रत्येक पिसामागे हवेत एक जास्तीची झेप मिळते, किंवा उभ्या कड्याला थोडा अधिक वेळ बिलगून चढता येते. पाय जमिनीला टेकले की खर्च झालेले पीस पुन्हा भरते. अशी पुरेशी पिसे जमा झाल्याखेरीज वरचे कडे आवाक्यात येत नाहीत. वर तर गारठ्याने पिसे गोठतात आणि ऊब मिळेपर्यंत निरुपयोगी होतात.

म्हणजे अडथळा आहेच. पण तो शिक्षा करीत नाही. क्लेअर कड्यावरून कितीही वेळा कोसळली तरी तिला इजा होत नाही, पाण्यात पडली तर ती पोहू लागते. पिसे शोधायची तर बेटावर भटकावे लागते आणि भटकताना माणसे भेटतात. माणसे म्हणजे अर्थातच ससे, बेडूक, पक्षी. कोणी हरवलेला कपाळपट्टा शोधत असते, कोणाला वाळूचा किल्ला बांधायला चांगले फावडे हवे असते, कोणी मासेमारी शिकवते, तर एक चित्रकार आपले चित्र काही केल्या मनासारखे उतरत नाही म्हणून कुढत असतो. यांपैकी एकाचेही काम केले नाही तरी खेळ नाराज होत नाही.

खेळात हाती नकाशा नाही, हेही मुद्दाम. दिशादर्शक पाट्या आहेत, पायवाटा आहेत आणि डोंगर बहुधा दृष्टीआड होत नाही. त्यामुळे वाट चुकली तरी माणूस हरवत नाही. बहुतेक आधुनिक खेळांत पुढल्या ठिकाणाकडे बोट दाखवणारा बाण सतत पडद्यावर असतो. खेळाडू मग परिसर पाहत नाही, बाण पाहतो. येथे एखादा उंचवटा लक्षात ठेवावा लागतो, धबधब्याची खूण ठेवावी लागते.

चित्रेही जाणीवपूर्वक जाडीभरडी आहेत. पडद्यावरचे ठिपके इतके ठसठशीत की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या हातात मावणाऱ्या खेळयंत्रांची आठवण यावी. मार्क स्पार्लिंग यांचे संगीत मात्र तसे ओबडधोबड नाही. क्लेअर कोठे आहे आणि काय करते आहे यानुसार त्यात वाद्ये मिसळतात व गळतात. जमिनीवर चालताना मोजके ऐकू येणारे सूर तिने पंख पसरले की भरून येतात.

ज्यांना खेळ स्वतः खेळायचा आहे त्यांनी यापुढचा परिच्छेद सोडून द्यावा. शिखरावर पोहोचताच फोन वाजतो. पलीकडे आई असते आणि तिची शस्त्रक्रिया झालेली असते. ती सुखरूप पार पडल्याचे कळते, तेव्हा कोठे खेळाडूच्या ध्यानात येते की इतका वेळ शिंपले वेचणारी, मासे पकडणारी ही मुलगी मनात केवढी धास्ती घेऊन हिंडत होती. काळजीने जखडलेल्या जिवाला बसून वाट पाहणे असह्य होते आणि पायांना काम दिले की जरा हलके वाटते, हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातलेल्या कोणाचाही अनुभव. निर्मात्याने त्याच येरझाऱ्यांचे एक बेट केले. अशा खेळांना 'गोंडस' म्हणून बाजूला सारणाऱ्या टीकाकारांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. गोंडसपणाच्या खाली दुखरे काही नसेल, तर विसावा तरी कशापासून घ्यायचा?

या धर्तीच्या खेळांकडे मोठ्या संख्येने लोक वळले ते २०२० च्या टाळेबंदीत. 'अॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा निन्टेंडो कंपनीचा प्राण्यांच्या गावाचा खेळ त्या मार्चमध्येच आला आणि घरात अडकलेल्यांनी तो डोक्यावर घेतला. तो महिनोन्‌महिने, रोज थोडा थोडा खेळण्याचा खेळ आहे. क्लेअरची गोष्ट एका संध्याकाळी आटोपते आणि रोज परत येण्याची लालूच दाखवत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ती निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावरही आली. तिला फार ताकदवान संगणक लागत नाही. संवाद छोट्या, सोप्या इंग्रजीत आहेत. त्यामुळे शाळकरी मुलांनाही ती झेपते.

फोन झाल्यावर शिखरावरून वाऱ्याचा एक जोरदार झोत वर उसळतो. त्यावर स्वार होऊन क्लेअर उडते, तेव्हा तासभर धडपडत चढलेला सगळा डोंगर, त्याच्या पायवाटा आणि किनारा काही क्षणांत तिच्या पंखांखालून सरकतो. आंट मेकडे जाऊन हकिकत सांगितली की श्रेयनामावली सुरू होते. तशी घाई मात्र नाही. आधी किनाऱ्यावर उतरून गळ टाकता येतो आणि वाळूचा किल्ला कोठवर आला तेही पाहता येते.