म्हणतात चांदबिबीचा, पण महाल कुणाचा?

नगरच्या बाजारला माल घेऊन जाताना पूर्वेच्या डोंगरावरची ती एकाकी दगडी इमारत तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल. ‘तो बघ चांदबिबीचा महाल,’ असे पोरांना सांगितलेही असेल. पण वर किती जण गेलात?

सुगी आटोपली की एकदा जरूर जा. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने साधारण 13 किलोमीटरवर हा डोंगर लागतो. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. इमारत अष्टकोनी, तीन मजली. दगडी काम भक्कम, नक्षीचा सोस नाही. अरुंद जिन्याने वर चढा. कमानीत उभे राहिले की गार वारा अंगावर येतो आणि नगर शहर, खालची शिवारे, दूरचे डोंगर असा सारा मुलूख टेहळणीच्या बुरुजावरून दिसावा तसा दिसतो.

मात्र हा महाल नव्हेच, ही कबर आहे. मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची. नगरजवळचा फराहबाग महाल 1583 साली त्यानेच पुरा करवला. चांदबिबीने 1595-96 साली मोगलांशी झुंज दिली, ती खाली नगरच्या किल्ल्यात. पण तिचा पराक्रम लोकांच्या मनात इतका ठसला, की डोंगरावरची वास्तूही तिच्याच नावावर चढली. जमीन एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, तशातली गत!

पोरांना न्याल तेव्हा दोन्ही नावे सांगा. भाकरी-पाणी बरोबर घ्या. आणि भिंतीवर आपले नाव तेवढे कोरू नका. जिथे खऱ्या धन्याचेच नाव लोक विसरले, तिथे आपले कोण वाचणार?