एका अक्षराचा निवाडा

मनुष्याचा आनुवंशिक लेख सुमारें ३०० कोटी अक्षरांचा आहे. कांहीं घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धागा सतराव्या गुणसूत्रावर आहे, असें अमेरिकेंतील विदुषी मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं दाखविलें. १९९४ मध्यें तें जनुक प्रत्यक्ष हातीं आलें. त्याचें नांव ‘बीआरसीए-१’. लेखांतील मोडतोड दुरुस्त करणें हें त्याचें काम. दुरुस्त करणाराच बिघडला, म्हणजे स्तन व बीजांडकोश यांच्या कर्करोगाचें भय पुष्कळ वाढतें.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, आई व मावशी या रोगानें गेल्या म्हणून एका मुलीनें रक्त तपासून घेतलें. जनुकांत फरक आढळल्यास अहवाल मुख्यतः तीन तऱ्हांनीं बोलतो: फरक घातक आहे, निरुपद्रवी आहे, किंवा त्याचा अर्थ अनिश्चित आहे. पहिल्या उत्तरावर निरोगी बीजांडकोश काढून टाकण्यापर्यंत मजल जाते. तिसऱ्यावर शस्त्र धरूं नये असा वैद्यकाचा दंडक आहे; पण मनाची टांगणी कांहीं सुटत नाहीं.

येथें आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचें साह्य घेतात. लंडनच्या डीपमाइंड संस्थेनें २०२३ मध्यें ‘अल्फामिसेन्स’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. प्रथिनांतील एकच घटक पालटणारे सुमारें ७ कोटी १० लक्ष संभाव्य फरक तिनें तपासले. त्यांपैकीं शेंकडा ३२ बहुधा घातक व शेंकडा ५७ बहुधा निरुपद्रवी ठरविले. उरलेल्यांविषयीं मौन पाळलें, हें तिच्या प्रामाणिकपणाचेंच लक्षण. तिची रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या, तशीच कांहींशी आहे. निरनिराळ्या प्राण्यांच्या लेखांत जो पाठ युगानुयुगें पालटला नाहीं, त्यास धक्का लागणें धोक्याचें. प्रथिनाच्या घडणीचाहि ती विचार करते.

तथापि ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अमेरिकेच्या २०१५ च्या नियमावलीनें अशा भाकितास केवळ दुय्यम पुराव्याचें स्थान दिलें. पुढें कसोटीस उतरलेल्या प्रणालींचें वजन वाढलें, तरी एवढ्यावरच निकाल देत नाहींत. २०१८ मध्यें सिॲटलच्या संशोधकांनीं ‘बीआरसीए-१’ मधील सुमारें ४,००० फरक जिवंत पेशींत घडवून पाहिले. अशा प्रत्यक्ष प्रयोगाची साक्ष अधिक जड.

आणखी एक अडचण आपल्याकडची. जुळवून पाहण्यासाठीं सांठविलेले लेख बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे; त्यामुळें भारतीय स्त्रीचा एखादा साधा, घराण्यांतला फरकहि दुर्मिळ भासतो आणि तिच्या वांट्यास ‘अनिश्चित’ हा शब्द अधिक वेळां येतो. असा अहवाल फडताळांत टाकून न देतां कांहीं वर्षांनीं जनुकतज्ज्ञाकडून पुन्हां वाचवून घ्यावा. मागाहून निकाल लागलेले बहुतेक अनिश्चित फरक निरुपद्रवीच ठरले आहेत.